न्यूजमधल्या चार दिशा

मेढा, ता. जावळी
८ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
राजेश्वरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही पाठवलेली काकवीची बाटली मामाच्या हातून पोचली. झाकण सैल राहिलं होतं, त्यामुळे निम्मी काकवी मला आणि निम्मी मामाच्या स्वेटरला मिळाली. मामी सांगत होती, की कानातलं मशीन तुम्ही डब्यात घालून फडताळात ठेवलंय. आजोबा, ते डब्याला ऐकू यावं म्हणून घेतलेलं नाही. तुम्ही ते लावत नाही, फोनवर मी ओरडून बोलले तरी तुम्हाला 'जेवलीस का' एवढंच ऐकू येतं, आणि मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून हे पत्र. अर्थात पत्राचं खरं कारण वेगळंच आहे.

आठवीच्या वर्गात मी एकवचन-अनेकवचन शिकवत होते. न्यूज या शब्दापुढे 'इज' येतं, 'आर' येत नाही, असं फळ्यावर लिहिलं. वर्गात पूजा म्हणून एक मुलगी आहे. वरच्या वाडीतून रोज तीन किलोमीटर उतरून येते. तिनं विचारलं, की शेवटी एस असताना हे एकवचन कसं? मला सांगता येईना. उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन शब्दकोश काढला. तर आजोबा, न्यू म्हणजे नवं, त्यालाच एस लागून झालं न्यूज. नव्या गोष्टी. सव्वासहाशे वर्षांपूर्वीपासूनचा हा शब्द. आधी तो खरंच अनेकवचनी होता, दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत तिकडचे लोक 'न्यूज आर' असंही लिहायचे. वापरून वापरून त्याचं एकवचन झालं. वर्गात हे सांगितल्यावर पूजा म्हणाली, की तिची आजी बनुबाई वाडीत वर येणाऱ्या प्रत्येकाला 'काय नवंजुनं?' असं विचारते, म्हणजे ती न्यूजच विचारते की! इतका चांगला तास माझा या तीन वर्षांत झाला नव्हता.

परवा सहा तारखेला पत्रकार दिन झाला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष नानासो यांचं स्वतःचं साप्ताहिक आहे. त्यांनी शाळेत वर्तमानपत्रं वाचायला एक कट्टा बांधून दिला आहे आणि त्यावर मोठा रंगीत फलक लावला आहे. फलकावर होकायंत्र, चार बाण, चार टोकांना एन, ई, डब्ल्यू, एस आणि खाली 'चारी दिशांची खबर'. फलकावरचा पडदा बाजूला सारून नानासोंनी भाषण केलं, की नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार शब्दांच्या पहिल्या अक्षरांतून न्यूज हा शब्द जन्मला, आणि हे कुणाला माहीत होतं का? पूजानं हात वर केला. नानासोंना वाटलं, ती 'मला माहीत होतं' म्हणणार. ती उभी राहून म्हणाली, की तसं नाही, आमच्या बाईंनी सांगितलंय, न्यूज म्हणजे नव्या गोष्टी.

आधी ते हसले. मग कुठल्या बाईंनी म्हणून विचारलं. सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली. मीही उभी राहिले आणि म्हटलं, की मी सांगितलंय, आणि ते बरोबर आहे.

काल मुख्याध्यापक तानाजी सरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण अध्यक्षांचं नाव निघालं की पाणी पितात. त्यांनी एक टाइप केलेला कागद समोर ठेवला. इंटरनेटवरची चुकीची माहिती मी विद्यार्थ्यांना दिली, त्याबद्दल दिलगीर आहे, वर्गात दुरुस्ती करीन, असं त्यात होतं. पूजानं प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायची, हेही वर सांगितलं. मी कागद घेतला, घडी घातली, सही केली नाही. एकतीस तारखेला माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी होतात. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते याच महिन्यात ठरणार. सरांनी तेही मला हळू आवाजात आठवून दिलं.

आता जे लिहायला हात अडतोय ते. मी चौथीत असताना ओसरीवर कोळशानं चार बाण काढून न्यूजच्या चार दिशा मला पहिल्यांदा तुम्हीच शिकवल्या होत्या. तेव्हा मी शाळाभर सांगत फिरले होते. आजोबा, ते चुकीचं आहे.

मामा-मामीस नमस्कार. लोभ ठेवालच. रागावला असाल तर तोही पत्रातून पाठवा, मनात ठेवू नका.

आपली नात,
राजेश्वरी


कुंडल
१३ जानेवारी २०२५

चि. राजीस,
मानसिंग आजोबाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पयल्यांदा चष्मा लावून आन् दुसऱ्यांदा राग आवरून.

तर आजोबा चुकला म्हणतीस. बरं. तोफखान्यात अठ्ठावीस वर्सं मी वायरलेसवर काढली. शिपाई म्हणून गेलो, सुभेदार हून आलो. न्यूजच्या चार दिशा आमाला एज्युकेशन हवालदारानं फळ्यावर लिवून दिल्या हुत्या. आमी वहीत उतरून घेतल्या, परीक्षेला लिवल्या, पास झालो. तवापासनं आजवर मला कुणी चूक म्हणलं न्हाई. कर्नलसायबाच्या पोरीला बी मी तेच सांगितलं हुतं, ती बी न्हाई म्हणाली न्हाई. आता तू यम्ये बीएड झालीस, तवा तुझं खरं आन् आमचं कोळशानं काढल्यालं खोटं. असू दे.

तुझ्या आईचा फोन आलता. माझ्या हातात फोन देऊन उपेग न्हाई म्हणून सूनबाईनं ऐकून मला पाटीवर लिवून दाखवलं. ती लय घाबरल्याली हाय. तिचं म्हणणं की पोरीला समजवा, एका शब्दापायी नोकरी घालवायची का? मला बी तसंच वाटतंय. फौजेत हुकूम म्हंजे हुकूम. सायेब म्हणला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर व्हय सर म्हणायचं आन् सकाळी पूर्वेला तोंड करून पीटीला उभं ऱ्हायचं. सही करून टाक. एकदा कायम झालीस की मंग तुला काय शिकवायचं ते शिकव, कोण बघाय येतंय.

मात्र एक गोष्ट मला न्हाई पटली. पोरीला माफी का मागाय लावत्यात? ती तिच्या बाईनं शिकवल्यालं बोलली. रंगरूट चुकला तर आमी त्याच्या उस्तादाला धरायचो. उस्तादाचा राग रंगरुटावर काढणारा माणूस मी फौजेत बी पायला हाय, आन् त्याच्या हाताखाली काम कराय कुणी राजी नसायचं.

हितं ऊसतोड जोरात चालली हाय. तुझ्या मामाला येळेवर टोळी मिळाली. माझ्यासंगं फौजेत असल्याला नाथाजी रोज सकाळी पाराजवळ बसतोय, त्याला तुझं पत्र दाखवलं. तो कानाशी येऊन म्हणाला, पोरगी आजोबावर गेली. मी इचारलं, म्हंजे कसं? तर तंबाखू मळाय लागला.

संक्रांतीचा तीळगूळ सूनबाईनं येगळा पाठवलाय. त्यो खा आन् माझ्याशी बी गोडच बोल. राग हाय, पण तुझ्यापरीस मोठा न्हाई.

तुझा आजोबा,
मानसिंग


मेढा
१६ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तीळगूळ मिळाला. गोड बोलायला सांगितलंत, म्हणून आधी गोड बोलते. तुमचं अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे. झालं. आता बाकीचं.

मी सही करणार नाही.

काल प्रार्थनेनंतर पूजाला पुढे बोलावलं. तानाजी सरांनी तिला माइकसमोर उभं केलं आणि म्हणाले, की फक्त 'माझी चूक झाली' म्हण आणि जागेवर जा. पोर लहानखुरी, माइक तिच्या कपाळाएवढा उंच. तिनं सरांना विचारलं, की कुठली चूक? सर म्हणाले, की अध्यक्षांच्या भाषणात मध्येच बोललीस ती. त्यावर ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला जन्मभर लक्षात राहील. ती म्हणाली, की मध्येच उठून बोलले त्याची माफी मागते, शब्दाची मागणार नाही.

मी रांगेतून निघून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. बोलण्यासारखं तिनं काही उरवलंच नव्हतं. सरांनी आपल्या बुटांकडे बघितलं आणि सगळ्यांना वर्गात जायला सांगितलं. दुपारी निरोप आला, की तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेच्या संघातून पूजाचं नाव काढलं आहे. आजोबा, त्या संघात उत्तरं देणारी ती एकटीच होती!

आज सकाळी तिचे वडील अर्जुना शाळेत आले. मोटारसायकलला दुधाच्या किटल्या तशाच लटकत होत्या. त्यांनी सरांना एवढंच विचारलं, की पोरगी बोलली ते खरं का खोटं, तेवढं सांगा. सर म्हणाले, की प्रश्न तो नाही. अर्जुना म्हणाले, मग कोणता प्रश्न हाय ते सांगा. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. अर्जुना दूध नासंल म्हणून गेले. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, की बाई, तुमी मागं सरू नका, आमी न्हाई सरत.

तुम्ही लिहिलंत, एका शब्दापायी. पण तुम्हीच मला सांगितलेलं आठवतं. वायरलेसवर तुम्हाला आकडे मिळायचे, ते तुम्ही तोफांकडे द्यायचात, आणि मिळालेला प्रत्येक आकडा आधी परत म्हणून दाखवायचात. समोरच्यानं बरोबर म्हटलं की मगच पुढे. एकदा एका मेजरसाहेबांनी परत म्हणण्यात वेळ घालवू नकोस म्हणून तुम्हाला झापलं, तरी तुम्ही परत म्हटलातच, कारण एक आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडला असता. तेव्हा हुकूम म्हणजे हुकूम कुठे गेला होता?

मी वायरलेसवर नाही, वर्गात आहे. माझ्याकडून निघालेला शब्द बेचाळीस मुलांकडे जातो. चूक आहे हे कळल्यावरही तो तसाच पुढे पाठवू? कायम झाल्यावर खरं शिकव, असं तुम्ही म्हणता. पण कायम होण्यासाठी मी खोटं लिहून दिलं, हे बेचाळीस जणांना दिसेल. मग मी काहीही शिकवलं तरी त्यांना काय वाटेल?

आणि शब्द खरोखर तसाच आहे. जुन्या काळी तो लिहिताना डब्ल्यूच्या पुढे आणखी एक ई असायचा. चार दिशांत दुसरी पूर्व कुठून आणायची?

आईला सांगा, मी उपाशी राहणार नाही. शिकवण्या घेईन, नाहीतर कुंडलला येऊन तुमच्याशी रोज भांडेन. लोभ आहे तसाच राहू दे. कमी करायचा असेल तर आधी कळवा.

आपली,
राजेश्वरी


कुंडल
२१ जानेवारी २०२५
(स्पीड पोस्टानं पाठवतोय)

चि. राजीस,
आशीर्वाद. घाईत हाय, तरी सगळं लिवतो.

तुझं पत्र मी दिवसभर खिशात घालून फिरलो. मेजरसायबाची गोष्ट मी तुला सांगितली हुती, हे मीच इसारलो हुतो. दुसऱ्या दिशी सकाळची यष्टी धरली आन् सांगलीला गेलो. म्हणलं, नातीचं बी ऐकायचं न्हाई आन् हवालदाराचं बी न्हाई, आपल्या डोळ्यांनी बघायचं.

यष्टीत बसल्या बसल्या मनात दिशा घोकत हुतो. मॅप रीडिंगला शिकल्यालं जन्मभर जात न्हाई. नॉर्थ, ईस्ट, साउथ, वेस्ट. घड्याळाच्या काट्यासारखं गोल. पलूस मागं पडलं तरी घोकतोय, आन् एकदम ध्यानात आलं. राजी, होकायंत्र कवा बी न्यूज म्हणत न्हाई! ईस्टच्या फुडं साउथ येतो, वेस्ट न्हाई. अठ्ठावीस वर्सं होकायंत्र खिशात घिऊन फिरलो आन् हे मला दिसलं न्हाई. मी मोठ्यानं 'आयला' म्हणलो वाटतं, कारण शेजारची बाई दचकून लांब सरकली.

सांगलीच्या वाचनालयात कस्तुरीताई म्हणून बाई हायत. आमी दोघं चिठ्ठ्यांवर बोललो. मी लिवलं, न्यूज शब्दाचा जन्म कुठं झाला ते बघायचंय. त्यांनी वर बघितलं, हसल्या न्हाईत, ही मोठी गोष्ट. दोन जाडजूड इंग्रजी कोश काढून दिले आन् भिंग बी दिलं. एकात न्हाई, दोन्हींत तेच लिवलंय. नवं, त्याचं अनेकवचन. तुझा दुसरा ई बी सापडला. एका कोशात तर सरळ लिवलंय की चार दिशांची गोष्ट लोकांनी मागाहून जुळवल्याली हाय. ते वाक्य कस्तुरीताईंनी मराठीत करून कागदावर लिवून दिलं. मग त्यांनी चिठ्ठीवर इचारलं की हे कशासाठी पायजे? मी लिवलं, नातीशी भांडण हाय. त्यांनी खाली लिवलं, कोण जिंकलं? मी लिवलं, नात.

तवा आता ऐक. मागच्या पत्रात सही कर म्हणून लिवलं हुतं, ते मी परत घेतो. सही करू नगंस. तुझ्या आईला मी सूनबाईकडून कळवलंय. ती रडली म्हणं, आन् मंग म्हणाली की तुमा दोघांफुडं माझं कवा काय चाललंय.

सव्वीस जानेवारीला मी तिकडं येतो. पंचवीसला दुपारच्या गाडीनं कराड, सातारा करत मेढ्याला. मेडल काढून पॉलिश केल्यात. कोट जरा आखूड झालाय, का मी जाड झालोय, ते कळंना. तुझ्या सरांना सांग, झेंड्याला एक म्हातारा फौजी येणार हाय, खुर्ची नसली तरी चालंल. मला भाषण येत न्हाई. दोन शब्द बोलन.

यष्टी स्टँडावर घ्यायला येऊ नगंस. मला वाट इचारता येती, ऐकू येत न्हाई एवढंच.

तुझा,
मानसिंग आजोबा


मेढा
२ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस,
राजेश्वरीचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं मामानं कळवलं. सव्वीस तारखेला मशीन तुम्ही मुद्दाम घरी ठेवून आला होतात, हे मला नंतर कळलं. त्यामुळे त्या दिवशी तुमच्याभोवती काय काय घडलं, हे तुमच्याखेरीज सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्हाला ते कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

झेंडावंदन झालं. तुमची मेडलं बघून नानासोंनी स्वतः तुम्हाला शेजारी बसवलं, कारण तुम्ही माझे आजोबा आहात हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही उठून माइकजवळ गेलात. पहिलं वाक्य बोललात, की मी या शाळेतल्या राजेश्वरी बाईंचा आजोबा, आणि मी त्यांना न्यूज शब्दाच्या चार दिशा चुकीच्या शिकवल्या. त्याबरोबर नानासोंनी मागं वळून तानाजी सरांना माइक बंद करायला सांगितलं. सरांनी बंद केला.

तुम्हाला ते कळलं नाही. आजोबा, तुम्ही मुळातच इतक्या मोठ्यानं बोलता, की माइक बंद झाल्याचं मागच्या रांगेलाही कळलं नाही. तुम्ही बोलत राहिलात. यष्टीत होकायंत्र घोकल्याचं सांगितलंत, कस्तुरीताईंचा कागद वाचून दाखवलात, आणि म्हणालात, की एवढी वर्षं मी चुकलो, आज सगळ्या पोरांसमोर चूक सांगतोय, आणि बघा, छातीवरचं एक बी मेडल खाली पडल्यालं न्हाई. पोरं हसली, मग टाळ्या वाजवायला लागली. वरच्या वाडीतून उतरलेले लोक भिंतीपलीकडे उभे होते. त्यांनीही वाजवल्या.

त्यानंतर नानासो उभे राहिले. तुम्हाला वाटलं, ते तुमचं कौतुक करताहेत. ते म्हणत होते, की बाहेरची माणसं आणून शाळेत राजकारण करणाऱ्यांना संस्था जागा दाखवील. आणि तुम्ही, आजोबा, हसत उठलात आणि त्यांना कडक सॅल्यूट ठोकलात! सगळं मैदान खदखदलं. सॅल्यूटला हात वर न्यावा की नाही, हे नानासोंना ठरवता येईना. ते बसले.

कार्यक्रम सुटल्यावर बनुबाई काठी टेकत तुमच्याजवळ आल्या आणि बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. तुम्ही मान डोलवत होतात. त्या सांगत होत्या, की माझी नात शब्दाची माफी मागणार नाही म्हणाली, त्या दिवशी मी वाडीभर साखर वाटली.

आता निकाल. एकतीस तारखेला मला कायम केल्याचा आदेश हातात पडला. कसा, ते ऐका. तानाजी सरांनी माझं तीन वर्षांचं काम चांगलं असल्याचा अहवाल स्वतःच्या सहीनं तेवीस तारखेलाच शिक्षणाधिकारी कार्यालयात पोचवला होता. कुणाला बोलले नव्हते. असा अहवाल वर गेल्यावर संस्थेला मला काढता येईना. मी आभार मानायला गेले, तर म्हणाले, की माइक मीच बंद केला, आभार मानू नका. मी त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि आले.

त्याच पाकिटात दुसरा कागद होता. संस्थेची पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात एक शाखा आहे. तीन शिक्षक, अडतीस मुलं, गाडी दिवसातून एकदा. दहा तारखेपासून मी तिथे. नानासोंनी हा कागद हातात देताना विचारलं, की आता तरी चूक कबूल आहे का? कबूल असेल तर बदलीचं बघता येईल. मी म्हटलं, की तिथल्या मुलांनाही न्यूज शब्द लागतोच.

फलक अजून तसाच आहे. साप्ताहिकात सव्वीस जानेवारीची बातमी आली, त्यात तुमचं नाव नाही. पण इथे मेढ्याच्या खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. दुधाच्या किटल्यांबरोबर ती वाड्यावाड्यांत पोचली आहे. पूजाला संघात परत घेतलेलं नाही. स्पर्धेत आमची शाळा शेवटून दुसरी आली. पूजा म्हणाली, की पुढल्या वर्षी ती नववीत असेल आणि प्रश्न तेव्हाही असतील.

तिचा निरोप घेताना मला रडू येत होतं. ती मात्र माझ्यावर चिडली होती. म्हणाली, की तुम्ही जाऊ नका म्हणून आम्ही सगळी जाऊन बसतो अध्यक्षांच्या दारात. मी तिला म्हटलं, की बसायचं तर अभ्यासाला बस, मी कायम झालेली आहे, मला आता कुणी शिकवण्यापासून काढू शकत नाही. मला वाईट वाटतं आजोबा, खोटं कशाला बोलू. ही खोली, हा डोंगर, ही बेचाळीस तोंडं सोडायची आहेत. पण त्या कागदावर सही केली असती, तर याच खोलीत बसून मला जास्त वाईट वाटलं असतं.

आईला मी स्वतः लिहिते आहे. तुमची माया अशीच मोठ्या आवाजात चालू राहू दे, माइक असो वा नसो.

आपली,
राजेश्वरी


कुंडल
७ फेब्रुवारी २०२५

चि. राजीस,
आजोबाचा भरघोस आशीर्वाद.

म्हंजे मी त्याला सॅल्यूट मारला तवा तो मला शिव्याच घालत हुता की! बरं झालं मशीन नव्हतं. ऐकू आलं असतं तर हात सॅल्यूटला ग्येला नसता, दुसरीकडंच ग्येला असता, आन् सगळा इस्कोट झाला असता. सूनबाईनं तुझं पत्र पाराजवळ सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. नाथाजी हसून हसून खोकाय लागला.

तुझ्या तानाजी सराबद्दल मी लय विचार केला. माइक बंद करणारा हात बी त्याचाच आन् अहवालावर सही करणारा बी त्याचाच. फौजेत आशी माणसं मी पायलीत. मोठ्यानं व्हय-न्हाई म्हणाय जमत न्हाई त्यांना, पण कागदावर इमान ऱ्हातं. त्याच्यावर राग धरू नगंस. जायच्या आधी त्याच्या घरी जाऊन चा पिऊन ये.

पाटणच्या वर थंडी हाय, आन् पावसाळ्यात तर कपडा वाळत न्हाई. माझी फौजेतली दोन घोंगडी मामाबरोबर पाठवतोय. एक अंगावर घ्यायचं, एक खाली. शाळेकडची गाडी चुकली तर चालत जायला बूट चांगलं घे. सापाकिरड्याचं बघून ऱ्हा. आईला मी सांगितलंय की कायमची नोकरी हाय, रड आता आनंदानं. तिनं माझं ऐकलं. म्हंजे तसं सूनबाई म्हणाली.

हितं माझं भांडण सुरू झालंय. परवा मशीन लावून माजी सैनिकांच्या बैठकीला ग्येलो, तर एकानं भाषणात न्यूजच्या चार दिशा सांगितल्या. मी उठलो. नाथाजी माझा कोट वडून खाली बसवाय लागला. म्हणला, गड्या, सोड की, म्हाताऱ्या माणसांत कुणाला काय फरक पडतोय. मी बसलो न्हाई. होकायंत्र कसं फिरतं ते सगळ्यांना बोटानं दाखवलं. एक जण मानला, एक जण मला येडा म्हणाला, बाकीचे जेवणाची वाट बघत हुते. ज्यो मानला तो तिथल्या तिथं माझ्याकडनं सगळं लिवून घिऊन ग्येला. नातवाला दाखवणार म्हणला.

आता शेवटचं. हे लिवाय मी तीन दिस घेतले. तुला मी ल्हानपणी लय काय काय शिकवलंय. ओसरीवर बसून दिशा शिकवल्या, तारं शिकवलं, इतिहासातल्या तारखा सांगितल्या, इंग्रजीतलं शंभर शब्द पाठ करून घेतलं. आकाशातला मंगळ म्हणून मी तुला दाखवायचो तो मंगळच हुता का, याची बी आता मला खात्री वाटंना. माझ्या एज्युकेशन हवालदारानं मला आणिक काय काय चूक सांगितलं असंल आन् मी तुला दिलं असंल, देव जाणे.

तवा तिकडं गेल्यावर, सवड मिळंल तशी, मी शिकवल्यालं सगळं एकदा तपासून बघ. चुकीचं निघंल ते लिवून पाठव. यादी मोठी झाली तरी भिऊ नगंस. मी एकेक वाचून परत म्हणून दाखवीन.

माया हाय तशीच हाय, तिच्यात तपासायसारखं काय न्हाई.

तुझा,
सुभेदार मानसिंग